हाडं नाहीत, नावं आहेत!

रोम म्हटलं की कलोसियम, पिझ्झा आणि ट्रेव्हीच्या कारंज्यात पाठमोरं उभं राहून टाकलेलं नाणं! पण या शहराच्या जुन्या तटाबाहेर, पायाखाली, आणखी एक गाव वसलंय. तिथं सेल्फी काढता येत नाही, शॉपिंग नाही, मोबाईलला रेंज नाही. तरीही एक सकाळ तिथं घालवायलाच हवी.

‘तू सुट्टीवर आलीयेस की स्मशानात?’

हा प्रश्न माझ्या मैत्रिणीचा. रोममध्ये आमचे मोजून चार दिवस. तिच्या लिस्टवर जेलाटो, लेदर बॅगा आणि त्रास्तेव्हेरेच्या गल्ल्या. माझ्या लिस्टवर कॅटाकोम्ब्ज, म्हणजे जमिनीखालच्या कबरींचे बोगदे.

खरं सांगू? मलाही जरा ऑड वाटत होतं. ट्रिपची तिकिटं आठ महिने आधी ऑफरमध्ये काढली होती. तेव्हा तिथी बघायचं डोक्यातच आलं नाही. मग कळलं, आजीचं वर्षश्राद्ध नेमकं त्याच आठवड्यात. ‘जा तू, आम्ही करतो,’ असं आई म्हणाली खरी. पण ती ते कुठल्या सुरात म्हणाली, हे कुठल्याही मुलीला कळतं. त्या गुरुवारी सकाळी पुण्यात आमच्याकडे पानं वाढली जात होती, तेव्हा मी रोममध्ये ११८ नंबरच्या बसमध्ये बसून दुसऱ्यांच्या कबरी बघायला निघाले होते. गिल्ट? भरपूर!

गावाबाहेरचं गाव

ही बस विया आप्पिया आंतिकावर, म्हणजे जुन्या आप्पियन रस्त्यावर येते. हा रस्ता बांधायला घेतला इसवी सनपूर्व ३१२ मध्ये. काही ठिकाणी अजूनही काळ्या दगडांची ती जुनी फरसबंदी आहे आणि दोन्ही बाजूंना उंच पाईनची झाडं. कबरी इथंच का? कारण शहराच्या हद्दीत मृताला पुरायचंही नाही आणि जाळायचंही नाही, असा रोमचा फार जुना कायदा होता. त्यामुळे रोममधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या कडेला कबरी झाल्या.

आणि हो, ‘जाळायचंही नाही’ हे महत्त्वाचं. आपल्याला वाटतं, पुरणारे ते आणि जाळणारे आपण. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत बहुतेक रोमन लोक दहनच करत आणि अस्थी कलशात ठेवत. दुसऱ्या शतकापासून हळूहळू दफनाची पद्धत रुळली. दफन म्हणजे जागा आली, आणि शहराजवळची जागा तेव्हाही महागच! मग श्रीमंतांचे मोठे मकबरे जमिनीवर झाले आणि बाकीचे लोक जमिनीखाली गेले. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांनी खाली अख्खी गल्ल्यांची जाळी खोदली.

हे जमलं ते रोमच्या जमिनीमुळे. इथला तुफा हा ज्वालामुखीचा दगड खोदताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. म्हणजे कुदळीनं बोगदा काढा, तो आपोआप टणक होणार!

स्लीपर कोच

सान काल्लिस्तो हे यातलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण. सुमारे वीस किलोमीटरच्या गल्ल्या, चार मजले आणि वीस मीटरहून जास्त खोली. एकट्यानं आत सोडत नाहीत, गाईडबरोबरच जायचं. आमचे गाईड निघाले चक्क केरळचे एक फादर! इंडियन चेहरे बघून ते खूष आणि आम्हीही.

पायऱ्या उतरलो आणि रोमचं ऊन वरच राहिलं. खाली तापमान सोळा अंशांच्या आसपास, हवा दमट, वास ओल्या मातीचा. गल्ली इतकी अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागेल. दोन्ही भिंतींत एकावर एक कप्पे. मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? आपल्या रेल्वेचा स्लीपर कोच! लोअर, मिडल, अपर आणि त्याच्याही वर आणखी दोन.

हे कप्पे आज बहुतेक रिकामे आहेत. कवट्या आणि हाडांचे ढीग बघायला येणाऱ्यांची इथं निराशा होते. मृताला कापडात गुंडाळून कप्प्यात ठेवायचं आणि तोंड विटांनी किंवा संगमरवरी पाटीनं बंद करायचं, अशी पद्धत. पैसेवाल्या कुटुंबांना वेगळी खोली मिळे. तिला म्हणत ‘कुबिकुलम’, म्हणजे झोपायची खोली! ‘सेमेटरी’ हा शब्दही ज्या ग्रीक शब्दावरून आलाय, त्याचा अर्थ झोपण्याची जागा असाच आहे. मेलेला माणूस संपला नाही, पुन्हा उठेपर्यंत झोपलाय, ही त्यामागची श्रद्धा.

आणखी एक गंमत. इथं वरचा मजला जुना आणि खालचा नवा. जागा संपली की आणखी खाली खोदायचं, कारण वर जायला वावच नाही. हे खोदणारे कामगार म्हणजे ‘फॉसोर’. तेलाच्या दिव्याच्या उजेडात ते आयुष्यभर खोदत असत. पुढे चौथ्या शतकात कबरीच्या जागा विकण्याचे व्यवहारही तेच करू लागले. म्हणजे बिल्डर आणि एजंट, दोन्ही एकच!

पण सुरुवातीचा हिशोब वेगळा होता. टर्टुलियन हा त्या काळचा ख्रिस्ती लेखक सांगतो, की लोक ऐपतीप्रमाणे महिन्याला थोडे पैसे टाकत आणि त्यातून गरिबांना जेवण आणि दफन मिळे. ज्या काल्लिस्तोचं नाव या जागेला आहे, तो एके काळी गुलाम होता असं त्याचा विरोधकच लिहून ठेवतो. सन १९९ च्या सुमारास या दफनभूमीची व्यवस्था त्याच्याकडे आली आणि पुढे २१७ मध्ये तो पोप झाला.

आणि जुन्या सिनेमांनी आपल्या डोक्यात भरवलेलं ते चित्र? छळाला घाबरून ख्रिस्ती लोक इथं लपून राहायचे वगैरे? तसं नव्हतं. या जागा सरकारला चांगल्या ठाऊक होत्या. सन २५८ मध्ये सम्राट व्हॅलेरियनच्या शिपायांनी पोप सिक्स्टस दुसरा याला दफनभूमीतच गाठून मारलं. जिथं सरकार थेट येऊन पोचतं, तिथं लपणार कसं?

माझ्याच वयाचा एक माणूस

नवव्या शतकापर्यंत संतांचे अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवले गेले आणि हे बोगदे विसरले गेले. सन १५७८ मध्ये एक बोगदा अचानक सापडला आणि रोममध्ये खळबळ उडाली. मग आंतोनियो बोसियो नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला यांचं वेड लागलं. सन १५९३ मध्ये तो दोमितिल्लाच्या बोगद्यात उतरला आणि वाटच चुकला. कसाबसा बाहेर आला, पण पुढचं आयुष्य त्यानं हेच शोधण्यात घालवलं. काही भिंतींवर त्याची कोळशानं केलेली सही अजून आहे.

सान काल्लिस्तोची गोष्ट १८४९ ची. जोव्हानी बात्तिस्ता दे रॉसी, वय वर्षं सत्तावीस, म्हणजे अगदी माझ्याच वयाचा! त्याला इथल्या द्राक्षमळ्यात संगमरवराचा एक तुकडा सापडला. त्यावर अर्धवट अक्षरं: ‘...नेलियस, हुतात्मा’. त्यानं ताडलं की हा पोप कॉर्नेलियस असणार, म्हणजे त्याची कबर इथंच खाली असणार. त्यानं पोप नववे पायस यांना ती जमीन विकत घ्यायला लावली. १८५२ मध्ये खाली कबर मिळाली आणि पाटीचा उरलेला अर्धा तुकडाही. १८५४ मध्ये तिसऱ्या शतकातल्या नऊ पोपांना जिथं पुरलं होतं, ती खोलीच उघडली. नावाच्या निम्म्या अक्षरांवरून एवढं सगळं!

फादरनी टॉर्च एका छोट्या कप्प्यावर धरला. जेमतेम दीड फूट लांब. तान्ह्या बाळाचा. असे कप्पे किती आहेत, हे गल्लीतून चालताना आपलं आपल्यालाच दिसतं. ज्यांना पाटी कोरून घेणं परवडायचं नाही, ते ओल्या चुन्यात खुणेसाठी काहीतरी दाबून ठेवत. एखादं नाणं, शिंपला, काचेच्या भांड्याचा तळ, मुलाचं खेळणं. पुढच्या वेळी अंधारात आलं की दिवा वर धरायचा, हात फिरवायचा आणि ओळखायचं, हां, हे आपलं.

आमचा ग्रुप एकदम गप्प झाला. मघापासून कुजबुजत जोक मारणारी माझी मैत्रीणसुद्धा.

पंगत

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर सान सेबास्तियानो. ‘कॅटाकोम्ब’ हा शब्दच इथला. इथल्या खोलगट जागेमुळे लोक या ठिकाणाला ‘आद कातकुंबास’, म्हणजे खळग्यांजवळ, असं म्हणायचे. पुढे हेच नाव सगळ्या बोगद्यांना पडलं.

इथं चर्चच्या पोटात एका जुन्या मांडवाची भिंत आहे. तिसऱ्या शतकात लोक इथं जमून जेवायचे. कुणाच्या नावानं? मृतांच्या! या जेवणाला ‘रेफ्रिजेरियम’ म्हणत. संत पीटर आणि संत पॉल यांचे अवशेष काही काळ इथं होते अशी परंपरा आहे, म्हणून लोकांनी त्यांच्या नावानंही जेवणं घातली. आणि तसं भिंतीवर खरडून ठेवलं. शेकडो ओळी, वेड्यावाकड्या अक्षरात. आमची आठवण ठेवा, आम्ही तुमच्यासाठी जेवण घातलं, असा सगळ्यांचा भाव.

ही काही ख्रिस्ती लोकांचीच चाल नव्हती. रोमन लोकही फेब्रुवारीत नऊ दिवस पूर्वजांच्या नावे पाळत. कबरीवर फुलं, धान्य, मीठ आणि वाईनमध्ये भिजवलेला पाव ठेवत. काही कबरींना तर वाईन आत ओतायला नळी असायची! अहो, हा तर पितृपंधरवडाच की! फक्त कावळ्याची वाट बघणं तेवढं राहिलं.

मी त्या भिंतीसमोर उभी होते आणि डोक्यात आमचं स्वयंपाकघर. अळूची भाजी, खीर, आजीला आवडायच्या म्हणून केलेल्या सुरळीच्या वड्या. आजीच्या अस्थी आळंदीला इंद्रायणीत सोडल्या. तिच्यासाठी हात फिरवून ओळखावा असा कप्पा नाही. वर्षातून एकदा वाढलेलं पान, हीच तिची जागा. आणि नेमकी तिथं मी नव्हते.

३३५

परत निघताना सान काल्लिस्तोच्या दुसऱ्या बाजूला, विया आर्देआतिना रस्त्यावर, एक दार दिसलं. हे कुठल्याच टूरमध्ये नव्हतं. जुन्या खाणीच्या गुहा आहेत या. २३ मार्च १९४४ ला रोममध्ये प्रतिकार चळवळीनं केलेल्या बॉम्बहल्ल्यात ३३ जर्मन सैनिक मारले गेले. एकाला दहा, असा हुकूम निघाला. दुसऱ्या दिवशी नाझींनी ३३५ जणांना इथं आणून गोळ्या घातल्या. हिशोबापेक्षाही पाच जास्त. सगळ्यात लहान मुलगा पंधरा वर्षांचा. मग सुरुंग लावून गुहेचं तोंड बुजवलं, म्हणजे कुणाला पत्ता लागायला नको.

रोम मुक्त झाल्यावर आत्तिलियो आस्कारेल्ली या डॉक्टरच्या टीमनं एकेक मृतदेह बाहेर काढून त्याची ओळख पटवली. कपड्यांवरून, खिशातल्या वस्तूंवरून. उरलेल्या मोजक्यांपैकी काहींची नावं तर अगदी अलीकडे, डीएनए चाचणीमुळे कळली. आज एका प्रचंड काँक्रीटच्या छताखाली ३३५ कबरी ओळीनं आहेत, प्रत्येकाची वेगळी. चुन्यात खेळणं दाबणाऱ्या आईबापांची आणि या डॉक्टरची खटपट एकच वाटली मला. आपला माणूस गर्दीत हरवू द्यायचा नाही.

नाव काय होतं?

बसस्टॉपवर आईला फोन लावला. ‘झालं का सगळं नीट?’

‘झालं. पण गुरुजींनी आजीच्या सासूचं नाव विचारलं, ते बाबांना आलं. आजेसासूचं कुणालाच येईना. काकांना नाही, आत्यालाही नाही. कुठं लिहून ठेवलंय का म्हणून ट्रंकसुद्धा उघडली.’

श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात. ती नावं आमच्या घरात एकाच माणसाला पाठ होती. आणि तिचंच श्राद्ध होतं.

आईनं विचारलं, ‘तू काय जेवलीस?’ मी म्हटलं, अजून काही नाही. मग आम्ही त्रास्तेव्हेरेला गेलो. मैत्रिणीनं पास्ता मागवला, मी पाव आणि भाजी. पहिला घास बाजूला काढून ठेवला. वेटरला वाटलं असेल, हिला आवडलं नाही बहुतेक.

हॉटेलवर आल्यावर वहीत मला माहीत असलेली सगळी नावं लिहून काढली. आईची आई, तिची आई, बाबांची आई, तिची सासू. पुढच्या ओळीवर नुसती रेघ आहे. आत्याच्या सासरी आजीच्या माहेरची एक म्हातारी नातेवाईक आहे, तिला विचारायचंय. या रविवारीच. उशीर नको.

जाणार असाल तर...

कसं जाल? शहरातून आप्पियन रस्त्याला जाणाऱ्या बसेस आहेत. आम्ही ११८ नंबरची घेतली.

कधी? प्रत्येक कॅटाकोम्बची साप्ताहिक सुट्टी वेगळी असते आणि हिवाळ्यात काही आठवडे ते बंदही असतात. निघण्याआधी चेक करा.

काय न्याल? उन्हाळ्यातही पातळ जॅकेट, आणि घसरणार नाहीत असे बूट. अंग झाकणारे साधे कपडे घाला. बंद जागेची भीती वाटत असेल तर विचार करून उतरा.

कॅमेरा? आत फोटोला बंदी आहे. बॅगेतच राहू द्या.

आणखी वेळ असेल तर? विया सालारियावरच्या प्रिशिल्ला कॅटाकोम्बमधलं मेरी आणि बाळ येशूचं भित्तिचित्र चुकवू नका. ते मेरीच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक मानलं जातं. आणि हाडंच बघायची असतील तर विया व्हेनेतोवरचं कापुचिन संन्याशांचं तळघर आहेच. सुमारे ३,७०० संन्याशांच्या हाडांनी तिथल्या खोल्या सजवल्यात. पोट भरून जाऊ नका, एवढंच!