नकाशावरची वाट आणि पायाखालची वाट

सहलीची आखणी बहुधा टेबलावर होते. आमचीही तशीच झाली. औरंगपुऱ्यातील एका मित्राच्या घरी आम्ही चार शिक्षक नकाशा पसरून बसलो होतो. नववीच्या तीस मुलांना कन्नडजवळच्या सातमाळा डोंगरांत न्यायचे, गाडीरस्ता सोडून पायवाटेने डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे मुक्काम करायचा, असा बेत होता. नकाशावर अंतर भरले १२ किलोमीटर. ताशी ४ किलोमीटर धरून तीन तास! सकाळी अकराला चढायला लागलो तर दोनला मुक्कामी, असा आमचा हिशोब. प्रत्यक्षात पोहोचलो संध्याकाळी सहाला, दिवेलागणीला. शेवटच्या अर्ध्या तासात मुले एका अरुंद कातळावर अंधुक प्रकाशात उभी होती आणि बरोबरचे पाणी संपले होते. कोणाला इजा झाली नाही, हे आमचे नशीब. आखणीचा त्यात काही वाटा नव्हता. चार तास नेमके कुठे गेले, हे शोधताना आम्ही जे शिकलो ते येथे मांडत आहोत.

पहिली चूक चढ न मोजण्याची. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला. सपाटीवरच्या दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास धरावा. आमच्या वाटेवर चढ ४०० मीटरचा होता. म्हणजे १२ किलोमीटरचे २ तास २४ मिनिटे आणि चढाची ४० मिनिटे, मिळून ३ तास ४ मिनिटे. पण हा नियम सराव असलेल्या, धडधाकट माणसासाठी आहे. पाठीवर ओझे घेतलेल्या मुलांसाठी आम्ही आता त्याची दीडपट करतो. ते झाले सुमारे ४ तास ३५ मिनिटे. तासाला दहा मिनिटे विश्रांती धरली तर ५ तास २० मिनिटे. जेवणाची ४० मिनिटे मिळवली की झाले सहा तास. तरीही एक तास उरतोच!

हा तास गेला रांगेत. वाटेत दोन ठिकाणी कातळाची पायरी हातांचा आधार घेऊन चढावी लागली. एका वेळी एकच मूल चढू शकत होते. प्रत्येकाला एक मिनिट लागले तरी तीस मुलांना अर्धा तास लागतो. दोन पायऱ्यांना एक तास. एकट्याने चढणाऱ्याचे येथे दोनच मिनिटे जातात. मोठा गट उशिरा पोहोचतो तो केवळ मुले हळू चालतात म्हणून नव्हे. अरुंद जागी लागणारा वेळ माणसांच्या संख्येने गुणला जातो, हे त्याचे मोठे कारण आहे.

मग या पायऱ्या नकाशात का दिसल्या नाहीत? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, आणि सामान्यतः दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. आपले डोंगर बेसाल्टचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून ते बनले. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची सपाटी होते, म्हणून उतार जिन्यासारखा दिसतो. या जिन्याची एखादी पायरी दहा-पंधरा मीटरचीच असेल, तर ती दोन समोच्च रेषांच्या मधे लपून राहू शकते. उपग्रहाच्या छायाचित्रातही वरून पाहताना उभा कडा नीट कळत नाही. म्हणून निदान दोन शिक्षकांनी ती वाट आधी स्वतः चालून यावे. याला दुसरा पर्याय नाही.

पाण्याचा हिशोबही असाच करावा. चालण्याच्या दर तासाला माणशी अर्धा लिटर धरले, तर पाच तासांना अडीच लिटर. अर्धा लिटर राखीव. ३४ माणसांचे झाले १०२ लिटर, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर तीन किलो. मुक्कामी पिण्यास व स्वयंपाकास साधारण तेवढेच लागते, पण तेही वाहून नेणे शक्य नसते. बेसाल्टच्या भेगांतून व पोकळ्यांतून मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरापाशी अडते आणि डोंगराच्या कुशीत झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. डिसेंबरात वाहणारा असा झरा मार्चमध्ये कोरडा असू शकतो. तेव्हा पूर्वपाहणी सहलीच्या थोडेच दिवस आधी करावी. पाणी फडक्याने गाळून खळखळून उकळावे. हजार मीटर उंचीवर ते ९७ अंशांच्या आसपासच उकळते. जंतू मारायला एवढी उष्णता पुरते, भात शिजायला मात्र थोडा वेळ अधिक लागतो.

मुक्काम ओढ्याच्या पात्रात करू नये. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घरंगळते व दरीत साचते. थोडे वर झोपल्यास थंडी कमी वाजते. गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य १९८६ पासून संरक्षित आहे आणि तेथे बिबट्याचा वावर आहे. त्याच्या हद्दीत जायचे तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी आणि मुक्काम बाहेरच्या एखाद्या गावातील शाळेत करावा.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि पाळायला सर्वांत अवघड. परत फिरण्याची वेळ घरीच ठरवावी. आता आम्ही आदल्या रात्री पायथ्याच्या गावी राहतो आणि साडेसातला निघतो. बारा वाजेपर्यंत दुसरी पायरी ओलांडली नाही, तर तेथूनच मागे वळतो. चढायला साडेचार तास गेले, तर उतरायलाही फार तर तेवढेच लागतील. म्हणजे साडेचारला, सूर्यास्ताच्या तासभर आधी, आपण पायथ्याशी असतो. वर पोहोचण्याच्या उत्साहात ही वेळ तेथे ठरवू म्हटले तर ठरत नाही.

हा सगळा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. दोरा नकाशावरील वाटेवर वळणावळणाने ठेवून अंतर मोजावे, समोच्च रेषा मोजून चढ काढावा आणि पोहोचण्याची वेळ प्रत्येकाने वहीत लिहावी. सहलीनंतर ती खऱ्या वेळेशी ताडून पाहावी. फरक का पडला, याची चर्चा हा भूगोल आणि गणिताचा एक उत्तम तास ठरतो.