कामगार कमी करायचाच, तर कोणता आणि कसा?

कंपनी तोट्यात आहे, माणसे कमी करावीच लागतात, त्यात मालकाचा काय दोष? असे आता आपल्या घरातली शिकलेली मुलेही बोलू लागली आहेत. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. जुने यंत्र नव्या यंत्रापुढे टिकत नाही, हे गिरणगावात राहिलेल्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण कपात गरजेची होती एवढ्यावरून ती न्यायाने झाली असे ठरत नाही. आधी कोणाला घरी बसवले, त्याला कधी सांगितले आणि त्याच्या हातात काय पडले, हे पाहिल्यावाचून आम्ही कोणत्याही मालकाला निर्दोष म्हणणार नाही.

मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली सहा महिने संप झाला. एकाच माणसाने पूर्वीपेक्षा जास्त यंत्रे सांभाळावीत ही मालकांची योजना, आणि त्यामुळे काम जाईल ही कामगारांची भीती, हे त्याचे एक मोठे कारण होते. त्या वेळी बाबासाहेबांनी संपनेत्यांपुढे आणखी एक प्रश्न ठेवला. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात का घेत नाहीत? कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढावे लागे. त्याला अस्पृश्याचे तोंड लागले तर सवर्ण विणकर विटाळ मानी. म्हणून बरा पगार असलेले ते खाते आपल्या आजोबा-पणजोबांना बंद, आणि त्यांच्या वाट्याला कमी पगाराचे रिंग खाते.

हे जुने उगाळण्याचे कारण आहे. कपातीचा एक नियम असा, की त्या कामात जो शेवटी आला तो साधारणपणे आधी जाईल. नियम चांगलाच, कारण साहेबाच्या आणि जॉबरच्या मर्जीला तो लगाम घालतो. पण ज्याच्यासाठी दार उशिरा उघडले तो शेवटी आला, यात त्याचा काय अपराध?

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर हजारो जणांना पुन्हा आत घेतले नाही. १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. काम गेलेल्यांना नवे काम शिकवणे हा त्याचा एक हेतू होता. प्रत्यक्षात बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांत गेला. स्वेच्छा कोणाची, हे विचारू नये! घराच्या सोडतीसाठी गिरणी कामगारांना २०१२ साल उजाडेपर्यंत थांबावे लागले. तोवर कितीजणांच्या नावापुढे 'कै.' लागले. गिरण्या टिकल्या असत्या की नाही यावर वाद घाला. माणसांची ही आबाळ मात्र अटळ नव्हती.

आता कायदा पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावाच लागतो. हे पूर्वीही होते. वीस वर्षे घाम गाळला तर हिशेबात मिळाले दहा महिने! नव्याने आलेली गोष्ट म्हणजे पुनर्कौशल्य निधी. त्यातून आणखी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा आहे. पण याच संहितेने एक कुंपणही सैल केले. पूर्वी १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागे. आता ती अट ३०० पासून पुढे आहे. अडीचशे माणसांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बांधवांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी.

आणि ज्यांची मुले वातानुकूलित कचेरीत संगणकापुढे बसतात त्यांनीही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० जागा, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या २ टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. देशातली इतकी मोठी कंपनी हे करते, तिथे लहानांची काय कथा! या धंद्यात पुष्कळ ठिकाणी कपात 'राजीनामा' या नावाने होते. मुलाला खोलीत बोलावतात, कागद पुढे सरकवतात, आजच सही कर म्हणतात. सही झाली की तो स्वतःहून गेला असे कागद बोलतो, मग नोटीस कसली आणि भरपाई कसली? तुझ्या हुद्द्यापुढे मॅनेजर लिहिले आहे, तू कामगार नाहीस, असेही सांगतात. नुसत्या हुद्द्याच्या नावावरून ते ठरत नाही. तो प्रत्यक्षात कोणते काम करतो हे पाहिले जाते.

तेव्हा सहीला एक दिवस मागावा, कागदाची प्रत घरी आणावी आणि जाणकार माणसाला दाखवावी. नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर एका पिशवीत घालून कपाटात ठेवावेत, आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईलाही ठाऊक असावे.