जलशीर्ष बालकाची शुश्रूषा

लहान बाळाचे डोके प्रमाणाबाहेर वाढू लागले की घरात कुजबूज सुरू होते. कोणी दृष्ट काढतो, कोणी ग्रहणाचे कारण काढतो, आणि अखेर सारा बोल आईला लागतो. तो बोल अन्यायाचा आहे, हे आम्हांला प्रथमच सांगावयाचे आहे.

मेंदूच्या पोकळ्यांत पाण्यासारखा एक द्रव सतत पाझरत असतो व पुढे रक्तात मुरतो. मोठ्या माणसात तो दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. त्याची वाट अडली की तो साचतो आणि मेंदूवर दाब येतो. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, म्हणून डोके मोठे होते. यालाच जलशीर्ष म्हणतात. साचलेला द्रव कातडीखालून पोटात उतरविणारी बारीक नळी बसविणे, हा यावरील नेहमीचा उपाय होय. १९५६ साली अमेरिकेत जॉन होल्टर या कारागिराने स्वतःच्या आजारी मुलासाठी अशा नळीची झडप तयार केली, तेव्हापासून या उपचाराला बळ आले.

नळी बसविणे हे डॉक्टरांचे काम. पुढची राखण मात्र घरच्यांची. बाळाला उचलताना मानेखाली व डोक्याखाली हात द्यावा. जड डोके एकाच अंगावर राहिल्यास कातडीला जखम होते, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस नळीच्या बाजूवर निजवू नये. उसे किती उंच ठेवावे हे डॉक्टरांना विचारावे. दूध थोडे थोडे, वरचेवर पाजावे आणि ढेकर काढावी. टाळूवर तेल थापून चोळणे किंवा डोके फडक्याने आवळून बांधणे कटाक्षाने टाळावे.

डॉक्टर सांगतील त्या अंतराने भुवयांच्या वरून व मागच्या उंचवट्यावरून फीत फिरवून घेर मोजावा आणि तारखेसह वहीत लिहावा. जन्मवेळी हा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो व पहिल्या तीन महिन्यांत दरमहा सुमारे २ सेंटिमीटर वाढतो. याहून झपाट्याने वाढ दिसली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

नळी केव्हाही तुंबू शकते. वारंवार वांती, फुगलेली टाळू, किंचाळून रडणे, सुस्ती, खाली वळलेली बुबुळे, झटके, ताप किंवा नळीवर लाली, यांतले काहीही दिसताच रात्र असली तरी इस्पितळ गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

वेळीच उपचार झालेली अशी कितीतरी मुले शाळेत जातात. म्हणून आमची सर्व कुटुंबांना विनंती आहे की, असे मूल घरात लपवू नका आणि त्याच्या आईला एकटी पाडू नका. रात्रीची एक पाळी शेजारणीने घेतली, तरी तीही मोठीच सेवा होय.