विश्लेषण : लागू पडलेले कर्करोगाचे औषध पुढे निकामी का ठरते?

सुरुवातीला गाठ लहान होते, रक्ताचे अहवाल सुधारतात, रुग्ण कामावरही जाऊ लागतो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तेच औषध सुरू असताना आजार पुन्हा डोके वर काढतो. यालाच औषध-प्रतिरोध म्हणतात.

शरीराला औषधाची सवय होते का?

नाही. बदलतात त्या कर्करोगाच्या पेशी. त्या सगळ्या एकसारख्या नसतात. विभाजन होताना त्यांच्या जनुकांत बदल होत राहतात. औषधाने बहुतेक पेशी मरतात, पण अशा एखाद्या बदलामुळे तग धरलेल्या मोजक्या पेशी उरतात आणि त्यांचीच संख्या वाढत जाते. काही पेशी तर आत शिरलेले औषध बाहेर फेकतात.

ठळक उदाहरण कोणते?

‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ म्हणजेच सीएमएल हा रक्ताचा कर्करोग. यात गुणसूत्र ९ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ‘बीसीआर-एबीएल’ हे घातक प्रथिन तयार होते. ते रोखणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि अनेक रुग्णांना दीर्घायुष्य लाभले. मात्र त्याच वर्षी ‘टी३१५आय’ हा बदल समोर आला. त्यात प्रथिनातील ३१५ क्रमांकाचे एकच अमिनो आम्ल बदलते आणि औषधाला तिथे नीट चिकटता येत नाही.

मग उपाय काय?

पुढे आलेली डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही औषधे अनेक बदलांवर चालतात, पण टी३१५आयवर नाही. त्यासाठी पोनॅटिनिब आले. त्याला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. म्हणूनच औषध बदलण्यापूर्वी पेशींत नेमका कोणता बदल झाला आहे, हे जनुकीय चाचणीतून पाहिले जाते.

रुग्णाच्या हाती काय?

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इमॅटिनिबवरील नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. त्यामुळे भारतात या औषधाच्या स्वस्त जेनेरिक गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. पण बरे वाटू लागले की काही जण गोळ्या परस्पर कमी करतात किंवा बंद करतात. मात्रा अपुरी पडली की आजार आटोक्यात राहत नाही. अहवाल बिघडल्यास डॉक्टर आधी ‘गोळ्या नियमित घेता का?’ असे विचारतात, ते यासाठीच. नियमित गोळ्या घेऊनही प्रतिरोध निर्माण होऊ शकतो. त्यात रुग्णाचा दोष नसतो. सीएमएलमध्ये ठरावीक काळाने होणारी बीसीआर-एबीएलची रक्तचाचणी हा बिघाड लक्षणे दिसण्याआधीच दाखवू शकते. ती चुकवू नये.