वाकलेला धागा आणि त्याचे कडे

कॉलेजाची पायरी मी चढलेलो नाही. माझे आयुष्य कामगारांत गेले. तेव्हा दाखला कारखान्यातलाच देतो. पाण्याच्या नळाला दोन ठिकाणी बाक दिला आणि दोन्ही बाक एकाच अंगाला ठेवले, तर नळाची टोके एकमेकांकडे वळतात. दुसरा बाक अर्धा फेरा फिरवून बसविला की तोच नळ नागमोडी होतो, टोके दूर पळतात. फिटरला हे सांगावे लागत नाही.

डी.एन.ए.चा धागा पिळाचा आहे. सुमारे साडेदहा जोड्यांना एक पीळ पुरा होतो. म्हणून दोन बाकांत २१ जोड्यांचे अंतर असेल तर ते एकाच अंगाला येतात; २६ असेल तर विरुद्ध अंगाला. १९८२ साली मारिनी, लेव्हीन, क्रॉथर्स आणि इंग्लंड यांनी लेइशमानिया या परोपजीवी जंतूच्या डी.एन.ए.चा एक तुकडा मुळातच वाकडा असल्याचे दाखविले.

पण धागा नळासारखा निश्चल नसतो. उष्णतेने तो सारखा थरथरतो. मग टोके जुळून कडे होण्याचा संभव किती? येथे लेव्हीन आणि क्रॉथर्स यांनी १९८६ साली संगणकाकडून जणू फासे टाकविले. प्रत्येक जोडीला मूळचा कल द्यायचा, वर थोडा यदृच्छेचा, आणि असे असंख्य धागे रचून मिटलेले मोजायचे. टोके नुसती भेटून भागत नाही. दिशा आणि पीळही जुळावा लागतो. असे धागे इतके थोडे, की गणना कंटाळवाणी होते. त्यावर तोड अशी : हजार डावे अर्धे आणि हजार उजवे अर्धे वेगळे रचा, जोड्या लावल्या की दहा लाख धागे होतात! हा हिशेब मला फार आवडतो.

खरा वाद पुढेच आहे. कडे लवकर झाले, तर धागा वाकडा होता की नुसता लवचीक? दोन्हींचे फळ सारखेच दिसते. बाकांची दिशा फिरवून पाहिली म्हणजे निवाडा लागतो. सर्व बाजूंना सारखाच लवचीक असलेला सांधा दिशेची पर्वा करीत नाही. कायमचा बाक करतो. १९९२ साली कान आणि क्रॉथर्स यांनी कॅप नावाच्या प्रथिनाने येणारा बाक असाच पारखला. मात्र अंतर बदलताना एकूण लांबीही बदलली, तर टोकांचा पीळ बिघडतो आणि दोष कोणाचा ते कळेनासे होते. म्हणून लांबी आणि दिशा निरनिराळ्या बदलून पाहाव्या लागतात.