सरांचा लॅपटॉप पिशवीतच का राहतो?

एका गटातून आमच्याकडे प्रश्न आला: "कॉलेजात सरांकडे, मॅडमकडे लॅपटॉप असतो. पण मुली सांगतात, शिकवणं खडू-फळ्यावरच. मग ते यंत्र घेतलंय कशाला?" प्रश्न आम्हाला आवडला, म्हणून आज त्यावरच बोलू.

लॅपटॉप म्हणजे सोबत नेता येणारा संगणक. १९८१ साली ऑस्बॉर्न नावाचा असा संगणक बाजारात आला, तेव्हा त्याचं वजन होतं जवळपास ११ किलो. भरलेली कळशीच म्हणा! पडदा पाच इंची, आणि वायर लावल्याशिवाय तो चालत नसे. पुढे यंत्रं हलकी झाली, बॅटरीवर चालू लागली.

सगळ्या शिक्षकांना लॅपटॉप देण्याची सुरुवात मोठ्या शहरात झाली असेल असं वाटतं ना? अमेरिकेत मिनेसोटा राज्यात क्रूकस्टन नावाचं छोटं गाव आहे. भोवताली गहू आणि साखरबीटाची शेती. तिथे १९०६ साली शेतकीची शाळा निघाली, त्याच जागी पुढे विद्यापीठाची शाखा झाली. या शाखेने १९९३ साली प्रत्येक विद्यार्थ्याला आणि पूर्णवेळ शिक्षकाला लॅपटॉप दिला. सगळ्यांकडे सारखंच यंत्र असलं की एक सोय होते. अडलं तर शेजारच्याला विचारता येतं.

शेजाऱ्याचं महत्त्व किती, ते मक्याच्या बियाण्यावरून कळतं. मिनेसोटाला लागूनच आयोवा राज्य आहे. तिथल्या २५९ शेतकऱ्यांना रायन आणि ग्रॉस या संशोधकांनी विचारलं, संकरित मका तुम्ही कधी लावला? हा अभ्यास १९४३ साली छापून आला. बियाण्याची माहिती अनेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण मन वळलं ते शेजाऱ्याचं पीक पाहून. तेही पहिल्या वर्षी सगळं रान बहुतेकांनी दिलं नाही, आधी थोड्या तुकड्यात लावून पाहिलं. आयोवाच्याच शेतकऱ्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स याने १९६२ साली अशा अभ्यासांवर पुस्तक लिहिलं. शिक्षक नवी साधनं कधी स्वीकारतात, हे तपासणारे आजही त्याचा आधार घेतात.

आता मॅडमकडे बघा. वीस वर्षांच्या टिपणवह्या त्यांच्या हाताखाली तयार आहेत. साठ मुलांसमोर यंत्र अडकलं तर हसं होईल, ही धास्ती आहे. म्हणून त्याही तुकड्यापासून सुरुवात करतात: आधी गुणांची यादी, मग प्रश्नपत्रिका, वर्गात नेणं शेवटी. आपण गटाचा हिशोब मोबाईलवर घेतला, तेव्हा वही लगेच टाकून दिली होती का?

दुसरी बाजू बायकांनी तरी विसरू नये. यंत्र घरी येतं, म्हणून कामही घरी येतं. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि तास घरातून घ्यावे लागले. सर खोलीचं दार लावून बसू शकत होते. बाईंच्या दाराला मात्र कडी नव्हती. कुकरच्या शिट्ट्या मोजत शिकवायचं. उत्तरपत्रिका, अहवाल, मेल हे सगळं भांडी आवरल्यावर. हे काम कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाही.

आणि आपल्याकडे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत, ज्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. यंत्र पदरचं, दुरुस्ती पदरची, घरी केलेल्या तयारीचा मोबदला शून्य. आम्हाला हे योग्य वाटत नाही.

तेव्हा पुढच्या पालकसभेला गेलात, की लॅपटॉप किती आहेत एवढंच विचारू नका. वर्गात प्लग चालू आहे का? पडद्यावर दाखवायला प्रोजेक्टर आहे का? अडलं तर शिकवणारं माणूस कॉलेजातच आहे का? आणि तासिकेवरच्या मॅडमना यंत्र कोण देतं? उत्तरं मिळाली तर केंद्रावर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.