बंदुकीच्या टोकावरचा मणी

इंग्रजी वृत्तपत्रांतील राजकीय वार्तापत्रे वाचताना कोणी पुढारी आपल्या प्रतिस्पर्ध्यावर ‘ड्रॉ अ बीड’ करीत असल्याचे आढळले, म्हणजे ‘बीड’ या शब्दाचा मणी एवढाच अर्थ जाणणारा आपला वाचक क्षणभर बुचकळ्यात पडतो. हा मणी बंदुकीचा आहे. नळीच्या मुखाशी बसविलेल्या ज्या बारीक खुणेला आपल्याकडे माशी म्हणतात, तिलाच अमेरिकेच्या सरहद्दीवरील मुलखात बीड हे नाव पडले; आणि त्या शब्दाचे कुळ असे विलक्षण की, प्राचीन इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ प्रार्थना असा असून, प्रार्थना मोजण्याच्या जपमाळेतील मण्याला तो पुढे चिकटला आणि अखेरीस हिंस्र हत्याराच्या टोकावर जाऊन विराजमान झाला!

मागील खाचेतून पाहून हा मणी लक्ष्याच्या रेषेत आणणे, हीच नेम धरण्याची क्रिया. खाचेत त्याचे निव्वळ टोक दिसले तर गोळी खाली लागे, अधिक भाग दिसला तर वर जाई. आणि ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी पुन्हा भरेपर्यंत सावज पसार होत असल्यामुळे पहिल्या बारावरच सारी भिस्त असे, आणि म्हणून संयमानेच नेम साधावा लागे. आजचे वार्ताहर कोणत्याही फुटकळ टीकेला हा वाक्प्रचार बहाल करतात, तेव्हा त्यातील हा संयम मात्र पार हरवलेला असतो.

केंटकीत अनेक वर्षे वास्तव्य केलेले पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉन यांनी 1831 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, बंदुकीच्या माशीला केंटकीचे लोक बीड म्हणतात, असा खुलासा मुद्दाम केला आहे. प्रसंग आहे डॅनियल बून या प्रख्यात शिकाऱ्याच्या नेमबाजीचा: बून खारीला गोळी न मारता तिच्या अंगाखालील सालीवर मारीत, आणि त्या आघातानेच खार उसळून गतप्राण होई, असे ऑडुबॉन लिहितात. त्याच मुलखात फळीत दोन-तृतीयांश ठोकलेल्या खिळ्यावर चाळीस पावलांवरून नेम धरण्याच्या पैजा लागत. खिळ्याच्या अगदी जवळ गोळी मारणारा सामान्य गणला जाई, खिळा वाकविणारा त्याहून काहीसा बरा, आणि तीन गोळ्यांपैकी साधारणपणे एक थेट खिळ्याच्या माथ्यावर बसून त्याला फळीत पुरता गाडून टाकी.